पिवळं उपरणं

सानगडी,
गुरुवार, दि. १९ मे १९८३

चि. तुलाराम यास,

अनेक आशीर्वाद. एवढं लिहून बराच वेळ थांबलो. साडेआठ वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही, त्यामुळे पुढचा मायना हाताला लागेना. शेवटी शाळेत पोरांकडून घोकून घेतो तोच उतरवतो : आम्ही सर्व खुशाल आहोत, तुझी, सौ. सखाबाईंची आणि मुलांची खुशाली कळावी. तुझ्या वहिनीची कंबर दुखते, पण ती दरवर्षी दुखते, म्हणून खुशालीतच धरली आहे.

चि. घनश्यामचं लग्न तुझ्यामुळे लागलं. धाकटा भाऊ असलास तरी आभार मानायला हवेत, म्हणून हे पत्र. घनश्यामने मला न विचारता तुला पत्रिका पाठवली होती हे मला त्या दिवशीच कळलं. बापाचं न ऐकण्याचा गुण त्याने कोणाकडून उचलला याचा शोध घेण्याची गरज नाही. वरठीत मोटारी दुरुस्त करतो त्या काकाकडून.

तू आल्यानंतरची हकीकत तुला ठाऊक आहे. आधीची नाही, ती सांगतो. सकाळी सहाला वऱ्हाड निघालं. ट्रक सोसायटीचाच. हो, तोच. इंजिन बदललं, रंग बदलला, तुझ्या जागी सुखराम ड्रायव्हर बसला. नाक मात्र तेच. मागे बेचाळीस माणसं, दोन ढोल आणि तुझ्या वहिनीची अनारशांची डालकी. मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांचा. तो मीच काढला होता, त्यामुळे तो टळणार नाही अशी माझी खात्री होती. नवरीचं गाव कोंढा चार मैलांवर राहिलं आणि नवरदेवाशेजारी बसलेल्या मला समोर इंजिनाच्या झाकणातून पांढरे लोट उठताना दिसले. 'आग! आग!' असा ओरडा झाला.

आता ऐक. बावीस वर्षं मी पोरांना अनुमान शिकवतो. जिथे धूर तिथे अग्नी. आणि लगेच बजावतो, बाबांनो, लांबून दिसणारी वाफ धूर समजाल आणि फसाल, आधी नीट पाहा. ती वाफ माझ्या नाकासमोर हातभर अंतरावर होती, आणि 'आग' म्हणून पहिली उडी मारली ती मी. नवरदेव माझ्यानंतर उतरला. कोणीतरी झाकणावर दोन ओंजळी माती टाकून पुण्य पदरात घेतलं.

मग निदानं सुरू झाली. एक म्हणे पंख्याचा पट्टा ढिला. दुसरा म्हणे पाण्याचा पंप गेला. तिसऱ्याने हेडचं गॅस्केट उडालं असं सांगून नवरदेवाला घाम फोडला. केशरबाई आत्यांचं म्हणणं, निघताना मांजर आडवी गेली तेव्हाच त्या बोलल्या होत्या, पण त्यांचं ऐकतो कोण. सुखराम हाताला दुपट्टा गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला सरसावला होता, आणि मी थंड पाण्याची गुंडी घेऊन त्याच्या मागे उभा होतो. दहा वाजून गेले होते. एवढ्यात कोंढ्याकडून धूळ उडवत मोटारसायकल आली. वऱ्हाड का आलं नाही हे पाहायला मांडवातून एकटा निघालेला पाहुणा कोण, तर तू.

साडेआठ वर्षांनी भावाने भावाशी बोललेलं पहिलं वाक्य नोंदवून ठेवण्यासारखं आहे. तू म्हणालास, "दादा, ते गुंडी खाली ठेवा."

मी ठेवली. मग सुखरामवर ओरडलास, "झाकन नोको उघडू! अख्खं तोंड भाजन! आन् तापल्या इंजिनावर थंडं पानी गेलं त हेड तडकन. इसाव्याले टाका तिले."

बेचाळीस माणसं पळसाखाली बसली. मुहूर्त माझ्या डोळ्यांसमोरून चालला होता, आणि तू बिडी ओढत होतास! मला राग आला होता हे कबूल करतो. आज वाटतं, त्या वीस मिनिटांत तू काहीच केलं नाहीस हीच तुझी सगळ्यात मोठी कारागिरी होती.

नंतरचं मी उभं राहून पाहिलं, आणि मला आपल्या गुरुजींचा वर्ग आठवला. तू अंगठ्याने पट्टा दाबलास : ठीक. तेलाची काडी काढून बोटावर पाहिलीस : तेल काळं, दुधाळ नाही, म्हणजे पाणी तेलात गेलेलं नाही. झाकण हळूच सैल करून वाफ जाऊ दिलीस, इंजिन सुरू करायला लावून आत पाहिलंस : बुडबुडे नाहीत. "गॅस्केट शाबूत हाये," म्हणालास, आणि नवरदेवाचा घाम वाळला. मग वरच्या रबरी नळीला हात लावलास, चटकन काढलास. खालच्या नळीला लावलास, तो तिथेच ठेवलास. वरची पोळते, खालची कोमट. शेवटी ओलं फडकं रेडिएटरच्या जाळीवरून फिरवलंस. काही पट्टे क्षणात सुकले, काही तसेच ओले राहिले. "पानी वरून येते, पन खाली उतरून नाई राहिलं. नळ्या बुजल्या," असं म्हणून उठलास. एकेक शक्यता बाद करत जे उरलं ते सत्य! हे मी फळ्यावर करतो, तू हाताने केलंस. मी पाहिजे ते उत्तर आधी धरतो आणि मग त्याला कारणं जोडतो. तू तसं केलं नाहीस.

खालची तोटी उघडली तर थेंब येईना. तार घातलीस तेव्हा पिठल्यासारखा पिवळा गोळा बाहेर आला. सुखराम म्हणाला, "हे पिवळं काय निंगून राहिलं, तुलारामभाऊ?" तू मान वर न करता म्हणालास, "जुना गंज हाये." गंजाचा रंग तांबडा, अशी माझी आजवरची समजूत होती. असो. यंत्रविद्या माझा विषय नाही.

मग बोडीच्या तळ्यावरून बादल्या आल्या, खालून पाणी मारून नळ्या उलट्या धुवायच्या होत्या. पाणी गाळायला आणि निघालेला गाळ पुसायला कापड मागितलंस आणि मी माझं रेशमी उपरणं दिलं. ते इतकं पिवळं झालं आहे की तुझी वहिनी रोज त्याच्याकडे पाहते आणि मग माझ्याकडे.

अकरा सात अर्थातच गेले. मी गाडीतच पंचांग उघडून बारा चाळीसचा दुसरा मुहूर्त काढला. शास्त्रकारांनीही थोडी वाफ सोडायला जागा ठेवलेली असते. लग्न लागलं. तू मांडवाच्या खांबापाशी उभा राहून अक्षता टाकल्यास. पंगतीत तुझं पान वाढलं होतं, ते तसंच राहिलं. तू निघून गेला होतास.

एक राहिलं. तोटी उघडलीस तेव्हा माझ्याकडे वाकून हळूच काहीतरी विचारलंस. ढोलवाल्यांनी नेमका तेव्हाच ताल धरला होता, त्यामुळे मला ऐकू आलं नाही.

पुन्हा आभार. सूनबाईंचं नाव ताराबाई. चहात साखर बेताची टाकतात.

तुझा,
वासुदेव


सानगडी,
गुरुवार, दि. २ जून १९८३

चि. तुलाराम,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. इतकं छोटं आहे की पाठ झालं आहे. तरी इथे उतरवतो, कारण मला उत्तर द्यायचं आहे आणि उत्तराला समोर प्रश्न लागतो.

"दादाले व वहिनीले नमस्कार. पत्र भेटलं. नवरीचे पाय घराले लागले, लय बरं वाटलं. सुखरामले म्हना, रेडिएटरचं पानी आठ दिवसानं अखीन एकदा बदलव. बोडीचं टाकू नोको, विहिरीचं गाळून टाक. बाकी जुना गंज होता, निंगून गेला. त्याचा इचार करू नोका. तुलाराम."

तुलाराम, मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ढोल वाजत नव्हते. ढोलवाले पळसाखाली अनारसे खात होते. तुझा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला होता. तू विचारलंस, "दादा, किती टाकली?"

मी तोंड फिरवलं आणि तू मान वर न करता सुखरामला म्हणालास, जुना गंज.

किती टाकली ते आता सांगतो. पसाभर. लग्नाच्या सकाळी सुखरामने ट्रकच्या नाकाखालची टिपटिप दाखवली. माझ्या हातात घनश्यामच्या अंगाला लावून उरलेली हळदीची परात होती, तांदळाचं पीठ घातलेली. साकोलीच्या नाक्यावर एका ड्रायव्हरने मला कधीतरी सांगितलं होतं की चिमूटभर हळद रेडिएटरात टाकली की बारीक गळती बुजते. चिमूटभर गळतीला चिमूटभर! मी विचार केला, बेचाळीस माणसं आहेत, चिमटीने काय होणार. सुखराम चहाला गेला होता. मी झाकण उघडलं आणि मंगल द्रव्य म्हणून अर्पण केलं. मनात मंत्रही म्हटला. रेडिएटरने तो ऐकला नाही.

आता जे लिहायचं ते हे की ती पहिली वेळ नव्हती.

सन चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला ट्रकची पूजा मीच सांगितली होती, आठवतं? तेव्हाही नाकाखाली टिपटिप होती. तेव्हाही पूजेची हळद उरली होती. तेव्हाही पसाभर. त्यानंतर पंधरा दिवसांनी तू भाताची पोती घेऊन साकोलीला निघालास आणि वाटेत इंजिन जाम झालं. सोसायटीचा अख्खा हंगाम बसला. गोदामाच्या पडवीत सभा भरली. अध्यक्षांनी तुला विचारलं, "गाडी काढाच्या आंधी पानी पायलं होतं काय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "नाई पायलं."

आणि मी उठलो. सोसायटीचा सचिव, हायस्कूलचा संस्कृत शिक्षक, तुझा सख्खा भाऊ. अर्धा तास बोललो. प्रमाद, कर्तव्य, विश्वास, सगळं आलं. भाऊ असला तरी क्षमा नाही, म्हणालो. ठराव माझ्याच अक्षरात लिहिला : ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे. तू दुसऱ्या दिवशी सखाबाईंना आणि पेटीला घेऊन वरठीला गेलास. गावाने माझी पाठ थोपटली. 'मास्तरनं सख्ख्या भावाले सोडलं नाई' हे वाक्य मी साडेआठ वर्षं जेवलो आहे, तुलाराम. पोटभर.

तू म्हणशील, दादाला काय ठाऊक होतं की हळदीने नळ्या बुजतात. असं लिहून सुटलो असतो. पण तेही खरं नाही. त्या सभेला जाताना, देवळाच्या वळणावर, हळदीची गोष्ट माझ्या मनात आली होती. एकदाच. मी तिला तिथेच उभी ठेवली आणि पुढे गेलो. मागे वळून पाहिलं नाही. यंदा पुन्हा पसाभर टाकली ती त्यामुळेच. टाकली नसती तर पहिली वेळ चूक होती, असं स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. एवढा मोठा पंडित, आणि दोन पसे हळद टाकून आपलंच म्हणणं सिद्ध करत होता.

तुझ्या त्या प्रश्नाने मला घरी येईपर्यंत छळलं. तोटीतून पिवळं निघालं तर माणूस विचारतो, हे काय आहे. फार तर विचारतो, कोणी टाकलं. वैद्य 'किती खाल्लं' असं तेव्हाच विचारतो, जेव्हा रोगी त्याच्या ओळखीचा असतो आणि पथ्य मोडण्याची खोडही ओळखीची असते. म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. तू सभेत माझ्याकडे पाहिलंस ते मदतीसाठी नव्हे. मी बोलतो का, ते पाहत होतास.

अनुमान बरोबर आहे की नाही याला साक्षीदार हवा होता. तो माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता. तुझ्या वहिनीला मी म्हटलं, "रुखमा, त्या वेळी ट्रकचं काय झालं होतं, तुला काही ठाऊक आहे?"

"आहे."

"केव्हापासून?"

"तवापासून."

मग तिने सांगितलं. सभेच्या आदल्या दिवशी भरदुपारी तू रेडिएटर खांद्यावर घेऊन आपल्या विहिरीवर आलास. मी शाळेत होतो. बादलीवर बादली मारलीस, आणि केळींच्या आळ्यात पिवळं पाणी साचलं. तिने विचारलं, "भावजी, हे काय?" तू तिला सांगितलंस, "वहिनी, दादा मास्तर हाये, त्याची गावात इज्जत हाये. माहं काय, मी कुठंबी पाना फिरवीन." आणि तिला घनश्यामची शपथ घातलीस.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कधी इचारलं? आन् आता पोराचं लगन लागलं. शपथ फिटली."

लसूण सोलणं चालूच होतं. मी परसात गेलो. केळी तिथे आता नाहीत, पण आळं आहे.

परवा मंगळवारी सोसायटीची सभा होती. तीच पडवी. विषय संपल्यावर मी उभा राहिलो आणि ते पिवळं उपरणं टेबलावर ठेवलं. या वेळी अर्धा तास नाही. चार वाक्यं बोललो. दसऱ्याला हळद मी टाकली होती. इंजिन त्याने गेलं. तुलारामने ते धुऊन लपवलं आणि दोष अंगावर घेतला. सभेत मी जे बोललो ते मागे घेतो. एकही संस्कृत शब्द आठवला नाही.

मागून सुखरामचा आवाज आला, "म्हंजे मास्तर, कोंढ्याच्या रस्त्यावरचीबी तुमचीच काय?"

"हो," म्हटलं, "तीही माझीच."

तेव्हा जे हसू फुटलं, त्यात मीही थोडा हसलो. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, तुलाराम इथं पाहिजे होता." ठरावाच्या जुन्या वहीत तुझ्यावरच्या ओळी आहेत, त्या मी खोडल्या नाहीत, कारण खोडलेलं लोक विसरतात. त्याखाली मंगळवारची तारीख घालून खरं काय ते लिहिलं आणि सही केली. एक नवा ठरावही झाला, सर्वानुमते : ट्रकच्या रेडिएटरचं झाकण ड्रायव्हरखेरीज कोणी उघडू नये. सुखरामने सुचवलं, 'विशेष करून मास्तरनं' असं घाला. घातलं आहे. माझ्याच अक्षरात.

आता देवळाच्या वळणावरून जाताना लोक पूर्वीसारखे थांबून नमस्कार करत नाहीत. काही करतात. जे करतात त्यांचा नमस्कार मला पहिल्यांदा घ्यावासा वाटतो.

तू लिहितोस, जुना गंज निघून गेला, विचार करू नका. हे तुझं औदार्य. पण पाणी आठ दिवसांनी पुन्हा बदलायला तूच सांगितलंस ना? एकदा धुऊन होत नाही म्हणून. मी ते ऐकतो आहे.

ये म्हणून लिहिणार होतो. मग वाटलं, साडेआठ वर्षांपूर्वी तू गेलास तो माझ्यामुळे. आता रस्ताही तूच तुडवायचा, हा कुठला न्याय? रविवारी सकाळच्या एसटीने मी भंडाऱ्याला उतरून वरठीला येतो. तुझ्या वर्कशॉपच्या दारात उभा राहीन. आत बोलवायचं की नाही ते तू ठरव. बोलावलंस तर त्या दिवशी पंगतीत राहिलेलं तुझं पान मी डब्यात घेऊन येतो आहे. तुझ्या वहिनीने अनारसे वेगळे ठेवले आहेत. नाही बोलावलंस तरी डबा दारात ठेवीन. उपरणंही आणतो. ते धुवायला मी मनाई केली आहे.

पहिल्या पत्राच्या आरंभी तुला आशीर्वाद लिहिले आणि थांबलो, असं म्हटलं होतं. का थांबलो ते आता कळलं. वयाने मी मोठा, म्हणून आशीर्वाद माझ्याकडून जातात ही रीत आहे. रीत मी मोडत नाही. पण या पत्रापुरता, तुलाराम, डोकं माझं खाली आहे. लग्न लावून दिलंस, बेचाळीस माणसं पोहोचवलीस, आणि साडेआठ वर्षं माझं नाव स्वतःच्या खांद्यावर वाहिलंस. कृतज्ञ आहे. शब्द जुना आहे, मी तो पोरांना दर वर्षी चालवून दाखवतो. अर्थ मात्र यंदा कळला.

सौ. सखाबाईंना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

पाणी ज्याने पाहिलं नव्हतं, तो
तुझा दादा